बसूअण्णांचा दुभाष्या

आमच्या छापखान्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर रोज सकाळी एक चौकोन उगवतो. पडद्यासाठी नवीन ड्रायव्हर आलाय, बसवू का, अशा अर्थाचं नम्र इंग्रजी त्यात लिहिलेलं असतं आणि खाली दोन बटणं असतात, हो आणि नको. विमलताई पिशवी खुंटीला अडकवतात, चष्मा पदराला पुसतात, 'नको' दाबतात आणि चौकोनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "अण्णांनी न्हाय म्हणून सांगितलंय." अण्णांना जाऊन आता दुसरा उन्हाळा आला. चौकोनाला ते कुणी कळवलेलं नाही आणि विमलताईंनाही ते पूर्ण पटलेलं आहे असं मला वाटत नाही.

अण्णा म्हणजे बसगोंडा. लक्ष्मीपुरीतल्या एका बोळात त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि राहायला ते गडमुडशिंगीत. अंगाने आडवे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरा शर्ट आणि बाह्या कोपराच्या वर. आवाज असा, की ते दुकानात फोनवर बोलायला लागले की समोरचा माणूस आपला फोन कानापासून लांब धरून ऐकायचा आणि शेजारच्या किराणावाल्याच्या गिऱ्हाइकांनाही कॉम्प्युटर कसा चालू करायचा ते समजायचं. स्वतःबद्दल त्यांचं मत फार चांगलं होतं. "कोल्हापुरात जुन्या मशीनचा माणूस म्हणजे मीच. दुसरा असला तर मला दाखवा, त्येला मी शिकवतो," हे ते पहिल्या भेटीतच सांगून टाकत, म्हणजे पुढे चर्चेला वाव राहत नसे.

माझी त्यांची पहिली भेट एका उपाशी गणपतीमुळे झाली.

आमचा छापखाना लग्नपत्रिकांचा. कोल्हापुरात पत्रिकेवर नाव राहिलं तर माणूस लग्नाला येत नाही आणि आला तरी जेवत नाही. त्यामुळे आमच्या पत्रिकेत नवरानवरीपेक्षा चुलत्यांना जागा जास्त लागते. ही सगळी माणसं एका कागदावर भांडण न होता बसवायचं काम गेली कित्येक वर्षं विमलताई करत आल्यात. त्या जुन्या टाइपरायटरच्या पद्धतीने टाइप करतात. त्यांचे फाँट जुने, डिझाइनचं सॉफ्टवेअर जुनं, आणि ते सॉफ्टवेअर चालायला कॉम्प्युटरच्या पाठीमागे एक किल्ली खोचावी लागते. त्या किल्लीचं भोक नव्या कॉम्प्युटरला असतच नाही. म्हणजे मशीन गेलं की किल्ली गेली, किल्ली गेली की सॉफ्टवेअर गेलं, आणि विमलताईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की मग मीपण गेले. त्यांचं घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालायचं. पन्नाशी उलटल्यावर नवीन ठिकाणी त्यांना कोण घेणार, हा प्रश्न त्या कधी बोलून दाखवत नसत, पण मशीन सुरू व्हायला जरा वेळ लागला की त्यांचा चेहरा उतरायचा.

आणि एके दिवशी प्रूफ मेलवर पाठवायची सोय म्हणून मी त्या मशीनला इंटरनेट जोडून दिलं. जगाशी ओळख होताच मशीनने परस्पर नवीन ग्राफिक्स ड्रायव्हर मागवला आणि बसवून घेतला. दुसऱ्या दिवशी पडद्यावर सगळंच पसरलेलं. अक्षरं बुटकी झाली, कलशाचं पातेलं झालं, आणि पत्रिकेवरचा गणपती जेवून उठल्यावर आडवा झाल्यासारखा दिसायला लागला. विमलताईंना वाटलं फाइल बिघडली. त्यांनी बाप्पाला दोन्ही बाजूंनी दाबून दाबून पडद्यावर शोभेल असा केला, नावंही तशीच आवळली, आणि घाई होती म्हणून मी पत्रिका तशीच छपाईला सोडली.

पत्रिका होती कबनूरच्या सदाशिवतात्यांच्या थोरल्या मुलीची. तात्यांचे यंत्रमाग, माणूस तालेवार, पाहुणे भरपूर. त्यांनी छापलेली पत्रिका हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. बिघाड फाइलीत नव्हता, पडद्यात होता, त्यामुळे कागदावर गणपती काठीसारखा उतरला होता. सोंड होती, पोट नव्हतं. तात्या रागावले नाहीत. ते फार गंभीरपणे म्हणाले, "आमच्या घरात काय कमी हाय म्हणून देवाला असा ठेवलाय?" विमलताईंनी त्या दिवशी डबा उघडला नाही.

मी नवीन कॉम्प्युटरची चौकशी करून आलो होतो. विमलताईंना ते कळलं होतं, मी सांगितलं नव्हतं तरी. त्यांनीच कुठून तरी अण्णांचा नंबर मिळवला.

अण्णा आले ते हातात भाकरीची बुट्टी घेऊन. वेताची, झाकणाची, आत स्वच्छ फडकं. मला वाटलं जेवून मग काम करणार. त्यांनी आधी पंखा बंद करायला लावला, मग कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवला आणि लहान मुलाचा ताप बघतात तसे डोळे मिटून उभे राहिले. मग विचारलं, "काल काय खाल्लं ह्येनं?"

मी म्हटलं, काही नाही.

"पावणं, पोटात काय गेल्याशिवाय पोट बिघडत न्हाय. अक्का, तुम्ही सांगा. मालक लोकांस्नी काय ठावं नसतंय."

अशा रीतीने मी बाजूला पडलो आणि बाजूलाच राहिलो. विमलताईंनी सगळा इतिहास सांगितला, इंटरनेटपासून उपाशी गणपतीपर्यंत. गणपतीचं ऐकून अण्णा इतके हसले की दारातलं कुत्रं उठून गेलं. मग त्यांनी ती चुकलेली पत्रिका मागून घेतली, घडी घालून खिशात ठेवली आणि खुर्ची ओढली.

ड्रायव्हर म्हणजे काय हे मला आजवर ज्यांनी सांगितलं त्यांच्या सांगण्यातून मला एवढंच समजलं होतं की आपल्याला समजणार नाही. अण्णांनी सांगितलं ते असं. कॉम्प्युटरचा मेंदू बोलतो एक भाषा. पडद्याला चित्र पुरवणारं कार्ड बोलतं दुसरी. दोघांच्या मध्ये एक दुभाष्या बसलेला असतो, त्याचं नाव ड्रायव्हर. तुमचं कार्ड जुनं, खेड्यातलं, सरळ बोलणारं. त्याचा दुभाष्याही त्याच्याच वयाचा होता, दोघांचं बरं चाललं होतं. तुम्ही इंटरनेट जोडलं आणि कॉम्प्युटरने शहरातून नवा शिकलेला दुभाष्या आणून बसवला. तो चांगला आहे, पण त्याला हे कार्ड काय बोलतंय ते कळत नाही, आणि कळत नाही हे कबूल करायची त्याला लाज वाटते. म्हणून तो अंदाजाने काहीतरी ठोकून देतोय.

"मशीन म्हातारं झालेलं न्हाय," ते विमलताईंना म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. "ह्येचा दुभाष्या पळवलाय. मी जुना परत आणून बसवतो. मी हाय तोवर ही खुर्ची हालत न्हाय."

खुर्ची कुणाची, हे त्यांनी कसं ओळखलं कोण जाणे. मी तर काहीच बोललो नव्हतो.

मग त्यांनी बुट्टी उघडली. फडक्याखाली भाकऱ्या नव्हत्या, सीड्या होत्या. जुन्या मशीनच्या जुन्या कार्डांचे जुने ड्रायव्हर, ज्यांना कंपन्याही विसरल्या असतील, ते सगळे अण्णांनी जमवून ठेवले होते. एकाही सीडीवर नाव नव्हतं. कुठे मासा काढलेला, कुठे बैल, कुठे छत्री. नाव का लिहीत नाही म्हणून मी विचारलं तर म्हणाले, नाव वाचून कुणीपण शहाणा होतो आणि सीडी मागून नेतो, छत्री बघून काय करणार? त्यांनी एक सीडी निवडली, नवीन दुभाष्याला काढून टाकलं, मशीन बंद करून चालू केलं, जुना बसवला, पुन्हा बंद करून चालू केलं. त्यात कुठंतरी त्यांनी चहा घेतला आणि माझ्या चहाला नावं ठेवली. पडदा उजळला तेव्हा गणपतीचं पोट जागेवर आलं होतं. विमलताईंनी हात जोडले. ते बाप्पाला की अण्णांना हे मी विचारलं नाही.

निघताना त्यांनी बजावलं, की हा शहरातला दुभाष्या रोज दार वाजवणार. त्याला रोज नको म्हणायचं. न चिडता म्हणायचं, पण म्हणायचं.

हा दुभाष्या त्यांच्या डोक्यात का बसला होता, ते मला पुढे कळलं. त्यांचं घराणं मूळचं संकेश्वरकडचं. घरात कानडी, बाहेर मराठी. त्या पट्ट्यात सोयरीक ठरवायची तर एक घर कानडी बोलणारं आणि दुसरं मराठी, असं नेहमीचंच. मग मध्ये दोन्ही येणारं एक माणूस बसवावं लागतं. अण्णांची आई, त्यांची अव्वा, या कामात नावाजलेली होती. तिच्याशिवाय बैठक होत नसे. एकदा मराठी घरात दिलेल्या आत्याच्या मुलीच्या सोयरिकीला पाहुणे बसूच्याच घरी यायचे होते आणि नेमका अव्वाला ताप भरला. तेव्हा मिसरूड फुटलेल्या बसूला मध्ये बसवलं. आपल्याला दोन्ही भाषा येतात याची बसूला केवढी घमेंड.

पोहे आले. मुलाचा मामा आपल्या माणसांशी कानडीत हळूच बोलला, की मुलगी चांगली आहे, पण बापाचं तोंड फार चालतं. बसूने ते मोठ्याने, स्वच्छ मराठीत, एक शब्द न गाळता मुलीच्या बापाला सांगितलं. त्यावर बाप म्हणाला, की पाहुण्यांना सांग, आमच्यात पोहे संपल्यावर नावं ठेवतात, संपायच्या आधी नाही. बसूने तेही कानडीत पोचवलं. आवाजही बापाचाच काढला. पोह्यांच्या ताटल्या खाली आल्या. मामा चपला शोधायला लागला. मुलगी दाराआड रडायला लागली, कारण मुलगा तिला आवडला होता आणि मामाशी तिचं काही देणंघेणं नव्हतं.

तेव्हा अव्वा वाकळ गुंडाळून, तापाने लाल झालेली, माजघरातून बाहेर आली आणि बसूला ढकलून मध्ये बसली. तिने मुलाच्या बाजूला सांगितलं, की मुलीचे वडील म्हणतायत, तुमच्याइतका मोकळ्या मनाचा माणूस आम्ही बघितला नाही. मुलीच्या बाजूला सांगितलं, की मामा म्हणतायत, असा बोलका व्याही मिळाला तर घर भरल्यासारखं वाटेल. दोघेही वरमले. पोहे संपले. त्या आतेबहिणीला आज नातवंडं आहेत.

"पावणं गेल्यावर अव्वानं मला हाणला," अण्णा सांगायचे. "आन म्हणाली, बसू, दुभाष्यानं समदं सांगायचं नसतंय. लागंल तेवढंच सांगायचं."

हे 'लागंल तेवढंच' त्यांनी पुढे जन्मभर पुरवलं. नव्या ड्रायव्हरबद्दल त्यांची तक्रारही तीच होती, की तो जास्तीचं सांगतो. मशीनमध्ये नको असलेलं काही दिसलं की ते "लागंल तेवढंच" म्हणून उडवायचे. फोनवर गिऱ्हाईक आपल्या अडचणीचं कीर्तन लावायला लागलं की हे ओरडायचे, "पडद्यावर काय लिवलंय तेवढं वाच. तुझं मत मागनं घेतो." ताटात दुसऱ्यांदा भात आला की मात्र हे तत्त्व ते विसरायचे.

त्या बुट्टीची एक गंमत सांगितलीच पाहिजे. अण्णांच्या बायकोचं नाव गंगव्वा. अण्णा जेवढे मोठ्याने बोलत तेवढी ही बाई कमी बोलायची, पण तिचं एक वाक्य अण्णांच्या दहांना भारी पडायचं. सीड्यांची बुट्टी मुळात तिची होती. अण्णांनी ती उचलल्यावर तिने तशीच दुसरी आणली आणि घरात दोन सारख्या बुट्ट्या झाल्या. व्हायचं तेच झालं. एका सरकारी कचेरीत कॉम्प्युटरचा पडदा गेला म्हणून अण्णांना तातडीने बोलावलं. सगळे कारकून भोवती गोळा झाले. अण्णांनी नेहमीच्या थाटात आपली ख्याती सांगितली, मग बुट्टीचं झाकण काढलं, फडकं बाजूला केलं, तर आत ज्वारीच्या गरम भाकऱ्या, झुणका आणि ठेचा. तेवढ्यात गंगव्वाचा फोन आला. अण्णांच्या फोनचा आवाज कायम मोठा केलेला असायचा, त्यामुळे तो सगळ्या कचेरीने ऐकला. ती म्हणाली, "शेतात गड्यांस्नी मी काय वाढू? हे ताटलीएवढं चकचकीत?" अण्णांना शरम कशी ती माहीतच नव्हती. त्यांनी टेबलावरची कागदपत्रं सरकवली आणि अख्ख्या कचेरीला जेवू घातलं. साहेबांनी ठेचा दोनदा मागितला. कॉम्प्युटर दुसऱ्या दिवशी झाला, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

आमच्याकडे ते येत राहिले. कधी मशीनची धूळ झाडायला, कधी नुसते डब्यावर हात ठेवायला. विमलताईंची आणि त्यांची चांगली गट्टी जमली. विमलताईही बोलण्यात कमी नव्हत्या. अण्णांनी बढाई मारली की त्या टाइप करता करताच म्हणायच्या, की पत्रिकेत घालू का तुमचं हे? मी या दोघांच्या मध्ये चहा सांगण्यापुरता होतो. खोटं कशाला बोलू, मला थोडा हेवा वाटायचा. मालक मी, पण मशीन त्यांचं होतं.

मग अण्णांना झटका आला. दुकानात बसल्या बसल्या तोंड वाकडं झालं, उजवा हात पडला. दवाखान्यातून घरी आणल्यावर कळलं, की आणखी एक विचित्र गोष्ट झालीय. अण्णांचं मराठी गेलं. ऐकलेलं थोडंफार समजायचं, पण तोंडातून येईल ते कानडीच, तेही अडखळत. डॉक्टर म्हणाले, लहानपणी आईकडून शिकलेली भाषा कधी कधी राहते आणि नंतरची जाते. येईल हळूहळू, नाहीतर नाही. ज्या माणसाचं मराठी तीन दुकानं पलीकडे ऐकू जायचं, त्याचं मराठीच जावं, याने मी हादरलो. भेटायला गेलो तर ते माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले आणि मला ते समजलं नाही हे त्यांना दिसलं. मी दुसरीकडे बघितलं. दुकानाचं शटर खाली आलं ते आलंच.

आणि अशा वेळी सदाशिवतात्यांची धाकटी मुलगी लग्नाला आली.

तात्या प्रूफ बघायला आले. विमलताई बँकेत गेल्या होत्या, मी छपाईच्या मशीनपाशी होतो. तात्या रिकाम्या खुर्चीवर टेकले आणि समोर तो चौकोन उगवला. तात्यांनी तो वाचला. कुणीतरी आपल्याला काहीतरी विचारतंय, आणि तेसुद्धा 'प्लीज' म्हणून. तात्यांनी 'हो' दाबलं. नंतर त्यांची समजूत अशी होती की त्यांनी शिष्टाचार पाळला. "एवढ्या आदरानं इचारल्यावर नको कसं म्हणायचं, पावणं? आपल्यात चालतंय व्हय?"

त्यांना काय बोलणार? शहरातला दुभाष्या पुन्हा आत शिरला होता. बाप्पा पुन्हा पसरला. या खेपेला अक्षरंही थरथरत होती. विमलताई परत आल्या, त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि पिशवी खुंटीला न लावता हातातच धरून उभ्या राहिल्या. दुरुस्तीवाले दोघे येऊन बघून गेले. भली माणसं, त्यांनी प्रयत्न केला, पण या कार्डाचा ड्रायव्हर आता कुठेच मिळत नाही म्हणाले. नवीन मशीन घ्या. विमलताईंनी टेबलाच्या खणातून आपली कात्री, आपला कंगवा आणि देवाचा फोटो काढून पिशवीत घातला. मी थांबा म्हटलं. त्या म्हणाल्या, "थांबून काय करू? बसायला जागा कुठं हाय?"

मग मीच कॉम्प्युटरचा डबा उचलला. म्हटलं, चला अण्णांकडे. त्या म्हणाल्या, कशाला त्या माणसाला त्रास. म्हटलं, चला तर.

रिक्षात मशीन माझ्या मांडीवर आणि पडदा विमलताईंच्या, असे आम्ही गडमुडशिंगीला पोचलो. अण्णा सोप्यात खुर्चीवर बसले होते. बारीक झाले होते, विभूती मात्र ठसठशीत होती. ती गंगव्वा लावत असणार. आम्ही काही सांगायच्या आत त्यांनी डाव्या हाताने खूण केली, डबा जवळ आणायला लावला आणि त्याच्यावर तळहात ठेवला. डोळे मिटले. मग गंगव्वाकडे बघून काहीतरी विचारलं.

गंगव्वा आम्हाला म्हणाली, "काल काय खाल्लं, इचारतायत."

विमलताईंना हुंदका आला तो त्यांनी खोकल्यात घालवला आणि तात्यांच्या शिष्टाचाराची सगळी हकीकत सांगितली. गंगव्वाने ती कानडीत सांगितली. अण्णांचा अर्धा चेहरा हसला. स्टुलावर पडदा मांडला, वायरी जोडल्या, विमलताईंनी कीबोर्ड मांडीवर घेतला. पसरलेला बाप्पा दिसताच अण्णा ठामपणे म्हणाले, "होसदु ब्याड. हळेदु."

"नवीन नको म्हणतायत. जुनं."

आणि कामाला सुरुवात झाली. अण्णा कानडीत सांगायचे, गंगव्वा मराठीत, विमलताईंची बोटं चालायची. 'राइट क्लिक' आणि 'रिस्टार्ट' हे शब्द तिन्हीकडे सारखेच होते, त्यामुळे गंगव्वाला ज्यातलं काही समजत नव्हतं ते आम्हाला थेट समजायचं, आणि मधलं ती सांगायची. आधी तो काढून टाका म्हणतायत. आता ते बंद करा म्हणतायत. एकदा विमलताईंनी घाईत मशीन बंद न करताच पुढचं बटण दाबलं, तशी अण्णांनी कानडीतून अशी लांबलचक फैर झाडली की अंगणातल्या कोंबड्या पांगल्या. आवाज तोच होता, जुना. आम्ही गंगव्वाकडे बघितलं. ती शांतपणे म्हणाली, "सावकाश करा म्हणतायत."

मग बुट्टी आली. अण्णांना उजव्या हाताने चाळता येईना, म्हणून विमलताई एकेक सीडी वर धरायच्या आणि ते मान हलवायचे. मासा नको. बैल नको. छत्री नको. तळाला एक होती तिच्यावर ते थांबले. विमलताईंनी ती उन्हाला धरून बघितली आणि माझ्या हातात दिली. तिच्यावर काळ्या पेनने एक गणपती काढलेला होता. काठीसारखा, सोंड असलेला, पोट नसलेला.

जुना दुभाष्या आत गेला. शेवटचं बंद-चालू झालं. पडदा काळा झाला, मग उजळला. अक्षरं थांबली, कलशाचा कलश झाला, आणि सदाशिवतात्यांच्या धाकट्या मुलीच्या पत्रिकेवर गणपती चांगला जेवलेला, पोट गोल करून बसलेला दिसला. विमलताईंनी पिशवीतून कात्री, कंगवा आणि देवाचा फोटो काढून कीबोर्डशेजारी ठेवला. जसं काही तेच छापखान्यातलं टेबल आहे.

अण्णा त्या वस्तूंकडे बघत होते. मग विमलताईंकडे बघून ते बोलायला लागले. या वेळी आवाज चढलेला नव्हता. हळू, अडखळत, मध्ये शब्द शोधत, पुन्हा सुरू करत ते बराच वेळ बोलले. बोलता बोलता त्यांनी आपल्या पडलेल्या हाताकडे बघितलं, मग डब्याकडे, मग बुट्टीकडे. बुट्टी त्यांनी डाव्या हाताने विमलताईंकडे सरकवली. मला कानडी येत नाही. 'अक्का' तेवढं दोनतीनदा ऐकू आलं.

ते थांबले तेव्हा गंगव्वा जमिनीकडे बघत होती. विमलताईंनी विचारलं, "काय म्हणतायत?"

गंगव्वाने पदराने नाक पुसलं, उठून उभी राहिली आणि म्हणाली, "चहा घ्या म्हणतायत."

चहाला कानडीतही चहाच म्हणतात, एवढं त्या घरात जाऊन जाऊन मला ठाऊक होतं. अण्णांच्या त्या सगळ्या बोलण्यात तो शब्द एकदाही आला नव्हता. विमलताईंनाही ते ठाऊक होतं. त्यांनी अण्णांकडे बघितलं, बुट्टी उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "घेतो की."